३५० रुपयांचा मल्टिमीटर: ग्राइंडर-ड्रिल उघडणाऱ्या घराला पुरतो का?

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईतल्यांना पुढं वाचायला नको. ग्राइंडर, ड्रिल, मार्बल कटर घरीच उघडून बघायची सवय असेल तर हा पिवळा मल्टिमीटर (व्होल्टेज, ओहम मोजायचा हातातला मीटर) डोळे झाकून घ्या. घराच्या मेन बोर्डात किंवा शेतातल्या पेटीत हात घालायचा असेल तर मात्र घेऊ नका. पाचपैकी साडेतीन मार्क. अर्धा मार्क त्याच्या वायरींनी घालवला, बाकीचा एक कुठं गेला ते पुढं येईल.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याला अर्थ नाही. एकाच साच्यातून निघालेला हा डबा पाच-सहा नावांनी मिळतो. मधोमध गोल चकती, खाली तीन भोकं, आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. लातूरला गंजगोलाईत जे सोळा रस्ते मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून मी तो आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, मिस्त्रीला विचारून घ्या, परत घेणार नाही." मिस्त्री मीच आहे म्हटल्यावर त्यानं निदान चालू करून तरी दाखवला.

आमचं औशाला घराला लागूनच वेल्डिंगचं शेड आहे. गेट, खिडक्या, गोठ्याचे पत्रे, सोयाबीनच्या दिवसांत कोळप्यांची दुरुस्ती. लोखंडाचं काम मालक करतात, बिघडलेली मशीन उघडायचं काम माझ्याकडं. हे वाटप कुणी ठरवलं नाही. ते स्क्रू हरवतात आणि मी हरवत नाही, एवढंच.

माझी बारावी विज्ञान शाखेची, तीही लातूर पॅटर्नच्या भरात झालेली. ओहमचा नियम झोपेतून उठवून विचारला तरी सांगायचे. मीटर मात्र लग्नानंतर पहिल्यांदा हातात घेतला.

आता मीटरचं. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे चकती २०० ओहमवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवायची. शून्य यायला पाहिजे, पण येत नाही. माझ्या मीटरवर ०.७ येतं. हा रोध त्याच्या स्वतःच्या बारीक वायरींचा आहे. मी तो आकडा मार्करनं मीटरच्या पाठीवर लिहून ठेवलाय आणि प्रत्येक मापातून वजा करते. टोकं मोकळी असली की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात नुसता १ दिसतो. तो १ ओहम नव्हे. रस्ता तुटलेला आहे, किंवा माप त्या रेंजच्या बाहेर गेलंय, असा त्याचा अर्थ. नवा माणूस हमखास इथंच गोंधळतो.

मशीन उघडायच्या आधी, नुसतं पिनांवर माप घेऊन, या मीटरची अर्धी किंमत वसूल होते. पिन बोर्डातून काढायची (हे एकदाच लिहिते, पण प्रत्येक वेळी करायचं: ओहम मोजताना मशीन बोर्डाला जोडलेलं नको), मीटरची दोन टोकं पिनच्या दोन दांड्यांना लावायची आणि ग्राइंडरचा स्विच चालू करायचा. आमच्या चार इंची ग्राइंडरला असं केल्यावर नऊ-दहा ओहमच्या आसपास आकडा येतो. तो आला म्हणजे वायर, स्विच, फील्ड (मोटारीतली न फिरणारी कॉइल), कार्बन (आर्मेचरला वीज पोचवणारे घासते ठोकळे), आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) ही सगळी साखळी जोडलेली आहे. १ आला तर कुठंतरी तुटलंय. आकडा पळत असला, म्हणजे दहा, चाळीस, १, पुन्हा दहा, तर कार्बन टेकत नाहीत किंवा वायर आतून तुटत आलीय.

इथं बारावीतलं एक कोडं. २३० व्होल्टला १० ओहमनं भागलं तर २३ अँपिअर येतात. ग्राइंडरवर ६७० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे जेमतेम ३ अँपिअर. मग उरलेले २० कुठं गेले? मोटार फिरायला लागली की आर्मेचर स्वतःच उलट दाबाची वीज तयार करतं आणि येणाऱ्या विजेला अडवतं. शिवाय मीटर बॅटरीवर मोजतो, एसीला कॉइल जो जास्तीचा अडथळा करते तो त्याला दिसत नाही. मोटार जाम असताना स्विच दाबून धरला की धूर का निघतो, तेही यातच आलं. न फिरणाऱ्या आर्मेचरकडं अडवायला काही नसतं. ड्रिलचा बिट भिंतीतल्या सळईत अडकल्यावर "निघेल निघेल" म्हणत ट्रिगर ओढणाऱ्या सगळ्यांनी हे एकदा वाचावं. आमच्या भावजींनी दोनदा वाचावं.

१ आला की मी आधी वायरवर संशय घेते. ग्राइंडरच्या बुडाशी जी रबरी नळी असते, तिच्या आतच वायर तुटते, कारण दिवसभर तिथंच वाकते. वरून काही दिसत नाही, प्लास्टिक शाबूत असतं, आतले तांब्याचे केस तुटलेले. मीटर पिनांना लावलेला ठेवायचा, स्विच चालू स्थितीत, आणि नळीजवळची वायर हळूहळू सगळ्या बाजूंनी वाकवत जायची. एखाद्या कोनात आकडा उमटला की जागा सापडली. तेवढी वीतभर वायर कापायची, पुढची सोलून स्विचला जोडायची, काम झालं. हे काम बझरवर (चकतीवरची आवाज करणारी खूण) करू नका. बझर साधारण पन्नासेक ओहमच्या खाली काहीही असलं तरी ओरडतो, सारखाच ओरडतो. आकडा कसा पळतोय हे त्याच्या आवाजातून कळत नाही.

वायर चांगली निघाली तर स्विच. लोखंडाच्या शेडमधल्या ग्राइंडरचा स्विच लोखंडाच्या भुकटीनं मरतो, लाकडाच्या कामातला भुशानं. स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकावर मीटर लावून तो चालू-बंद केला की लगेच कळतं. स्विच उघडून साफ करायच्या भानगडीत मी पडत नाही. आतली स्प्रिंग उडाली की ती पत्र्याच्या ढिगात जाते आणि तो विषय तिथंच संपतो. नवा घालायचा, जुना सोबत नेऊन अगदी तसाच.

ड्रिलचा स्विच वेगळा. त्यात वेग कमी-जास्त करायचं सर्किट असतं, आणि चांगला असला तरी मीटर त्यातून काहीच दाखवत नाही असं होऊ शकतं. ते सर्किट बॅटरीच्या एवढ्याशा दाबावर उघडत नाही. तेव्हा ड्रिलच्या पिनांवर १ आला म्हणून लगेच मोटार जळाली म्हणू नका. आधी उलट-सुलट फिरवायची कळ बघा. ती मधोमध अडकली असली तर मशीन ठार मेल्यासारखं गप्प बसतं. शेजारच्या एका दादांचं ड्रिल असंच आलं होतं. कळ सरकवून परत दिलं. त्यांना वाटलं मी काहीतरी लपवायलेय.

मग कार्बन. याला मीटर लागत नाही, डोळे लागतात, पण मीटरच्या परीक्षणात कार्बन न येणं म्हणजे लग्नात नवरदेव नसण्यासारखं आहे. कार्बन बाहेर काढून लांबी बघायची. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली आला असेल तर जोडीनं बदलायचा, एकच कधीही बदलायचा नाही. काही कार्बनच्या पोटात स्प्रिंगची बारीक खुंटी असते. कार्बन झिजला की ती बाहेर येऊन त्याला उचलून धरते, आणि मशीन काही सूचना न देता एकदम बंद पडतं. लोक घाबरतात. खरं तर ती कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन टेकतात) वाचवायची सोय आहे, आणि पन्नास-साठ रुपयांच्या जोडीत मशीन परत चालू होतं. नवा कार्बन त्याच्या खाचेत सहज सरकला पाहिजे. अडकत असेल तर पॉलिश पेपरवर किंचित घासायचा, हातोडीनं बसवायचा नाही (होय, लोक बसवतात). घातल्यावर पाचेक मिनिटं मशीन रिकामं चालवायचं, म्हणजे कार्बनचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसतं. सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतात, त्या कमी होत जातात.

कमी होत नसतील आणि कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसत असेल, तर दोष आर्मेचरचा. माझा दीड मार्क कापला गेला त्यातला मोठा हिस्सा इथला. आर्मेचरच्या बाबतीत हा मीटर तुम्हाला फसवतो. दोन कार्बनच्या जागी टोकं लावली की बझर वाजतो, आणि माणूस म्हणतो आर्मेचर चांगलं आहे. पण आतले काही वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले असले तरी तो तसाच वाजतो. कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवर एकेक करून माप घ्यायचं म्हटलं तर तिथला रोधच ओहमच्या आतबाहेर, आणि मीटर ०.१ च्या खाली काही सांगू शकत नाही. वेढा तुटला असेल तर त्या जोडीला आकडा एकदम मोठा येतो, तेवढं कळतं. शेजारच्या दोन पट्ट्या काळ्या जळालेल्या दिसल्या तर मीटरशिवायही कळतं. पण शॉर्ट पकडायला हा मीटर निरुपयोगी आहे.

त्यासाठी मी लातूरला मोटार रिवाइंडिंगवाल्या, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवे वेढे घालणाऱ्या काकांकडं जाते. त्यांच्याकडं ग्राउलर आहे. लोखंडी पट्ट्यांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोबणीचा ठोकळा, त्याच्याभोवती कॉइल. आर्मेचर खोबणीत ठेवतात, करंट सोडतात आणि हॅक्सॉचं जुनं पातं हातात धरून एकेका खाचेवरून फिरवतात. जिथं वेढे शॉर्ट असतील तिथं पातं थरथरायला लागतं, खर्र आवाज येतो. माझा मीटर बघून काका म्हणाले, "हे पोरांचं खेळणं हाय गं. पर वायर तुटली का न्हाई ते सांगतंय ना? मग बास की." मी जे दोन हजार शब्दांत सांगायलेय ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं.

चार इंची ग्राइंडरचं आर्मेचर रिवाइंड करू नका, काका स्वतःच सांगतात. तयार आर्मेचर पाचशेच्या आसपास मिळतं, रिवाइंडची मजुरी त्याच्या जवळपास जाते आणि वजनाचा तोल नीट साधेलच असं नाही. मोठ्या चॉप सॉचं (लोखंड कापायचं पात्याचं मशीन) रिवाइंड परवडतं. आणि आर्मेचर बदलायला मशीन उघडलंच आहे तर बेअरिंगही बदला. ६०८ नंबरचं बेअरिंग असेल तर (आतून ८, बाहेरून २२ मिलिमीटर) दुकानात नुसतं ६०८ म्हणू नका, टूआरएस मागा. त्याला दोन्ही बाजूंनी रबराचं झाकण असतं. झेडझेडचं झाकण पत्र्याचं, त्यातून आमच्यासारख्यांच्या शेडमधली भुकटी आत जाते. कम्युटेटर काळा पडला असेल तर लाकडाचा बारीक पॉलिश पेपर अलगद फिरवा. एमरी पेपर नको, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत अडकून बसतात.

फसवणुकीची दुसरी जागा म्हणजे करंट मारणारं मशीन. बहुतेक ग्राइंडर-ड्रिलवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्याचा अर्थ इन्सुलेशन दुहेरी आहे, म्हणून वायर दोन तारांची, अर्थिंग नाही. अशा मशीनच्या लोखंडी गिअरबॉक्सला हात लावून झिणझिण्या आल्या तर आत लोखंडाची किंवा कार्बनची भुकटी साचलीय, बहुतेक ओलीसकट. मीटर २००० के वर ठेवून एक टोक पिनला, दुसरं गिअरबॉक्सला, स्विच चालू. १ यायला पाहिजे. आकडा आला तर मशीन बाजूला ठेवा, उघडा, ब्लोअरनं साफ करा, उन्हात वाळवा. पण १ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मीटर बॅटरीच्या दाबावर मोजतो, आणि गळती २३० व्होल्टवर होते. याची खरी तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरनं (मोठ्या दाबावर इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनं) होते आणि तो रिवाइंडिंगवाल्याकडंच असतो. झिणझिण्या येत असतील तर हाताचं ऐका, मीटरचं नको.

आता ज्या कामासाठी मी हा मीटर कुणालाही घ्यायला सांगेन ते. व्होल्टेज. आमच्याकडं मशीन जळायचं निम्मं कारण मशीनमध्ये नसतंच. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी चालू असतात तेव्हा गावाबाहेरच्या लाइनला १७०-१८० व्होल्ट मी स्वतः बघितलेत. त्यात मालक शेतात गोठ्याचं काम घेतात आणि ५० मीटरची वायर टाकून चॉप सॉ चालवतात. ती वायर तांब्याची ०.७५ एमएमची. अशा तांब्याला किलोमीटरला साधारण २६ ओहम, जाऊन-येऊन १०० मीटर, म्हणजे २.६ ओहम. २००० वॅटचा चॉप सॉ पावणेनऊ अँपिअर ओढतो. म्हणजे साडेबावीस व्होल्ट नुसत्या वायरीत गेले. आधीच १८० होते, मशीनला पोचले १५५-१६०. मोटार हळू फिरते, तिच्यावरचा पंखाही हळू फिरतो, हवा कमी मिळते, आणि पातं कापत नाही म्हणून माणूस वरून आणखी दाब देतो. मग जळका वास.

हे तोंडानं सांगून पटत नव्हतं. "वायर चांगली हाय की, करंट येतोय ना," एवढंच उत्तर. मग मी एक्स्टेंशन बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये मीटरची टोकं घातली (चकती एसी ६०० वर, २०० वर ठेवून मेन मोजायचं नाही) आणि त्यांना म्हटलं, अहो, आता कापा. पातं अँगलला लागलं की आकडा खाली उतरायचा, उचललं की वर यायचा. त्यांनी तीन-चार वेळा कापून बघितलं, काही बोलले नाहीत, आणि पुढच्या बाजाराला २.५ एमएमची वायर आली. तिच्यात तेवढ्याच लांबीला सात व्होल्टच जातात. वायर भिंगरीवर गुंडाळलेली असेल तर काम करताना पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते. एवढ्या एका कामात मीटरचे पैसे फिटले.

बॅटरीवरच्या ड्रिलचं थोडक्यात. १२ व्होल्टच्या बहुतेक पॅकमध्ये तीन सेल असतात, पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ दिसायला हवेत. डीसी २० वर मोजा. चार्जर लगेच हिरवा होतो पण ड्रिल दोन स्क्रूंत दमतो, अशा पॅकमध्ये बहुधा एक सेल खाली बसलेला असतो: दोन ४.१ आणि एक २ च्या आसपास. एवढं निदान मीटर नक्की करतो. पुढं सेल बदलायचं काम मी घरी करत नाही. लिथियमचा सेल गरम सोल्डरिंगला देण्यात धाडस नाही, अडाणीपणा आहे.

राहिलेल्या तक्रारी. पाकिटातली बॅटरी हलकी असते, आणि चकती बंदवर न्यायची विसरलात तर सकाळी मेलेली मिळते, कारण मीटर आपणहून बंद होत नाही. बॅटरी उतरायला लागली की मीटर गप्प बसत नाही, व्होल्टेज वाढवून सांगतो. बोर्डावर एकाएकी २७० दिसले तर महावितरणला फोन लावायच्या आधी मीटरची बॅटरी बदलून बघा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरचा आकडाही खरा धरू नका. पडद्याला उजेड नाही, शेडमध्ये संध्याकाळी मोबाइल दातात धरावा लागतो.

आणि ते १० अँपिअरचं भोक. माझ्या मीटरमध्ये त्याला आत फ्यूज नाही, तसं बाजूला छापलेलंही आहे. लाल वायर तिथं ठेवून कुणी बोर्डात टोकं घातली तर सरळ शॉर्ट, हातातच भडका. मी त्या भोकात एम-सील भरून टाकलं. घरात दोन मुलं आणि एक भावजी आहेत.

वायरी लगेच बदला. आलेल्या वायरी टोकाशी बोट सरकेल इतक्या आखूड पकडीच्या आणि पातळ आहेत. जाड इन्सुलेशनच्या, टोकाजवळ कड असलेल्या वायरी दीडशे-दोनशेला मिळतात आणि त्याच भोकात बसतात. बदलल्यावर टोकं टेकवून पुन्हा माप घ्या. माझा ०.७ चा आकडा ०.३ वर आला, पाठीवरचं खोडून नवा लिहिला.

पुढं क्लॅम्प मीटर घ्यायचाय. मशीन चालू असताना वायर न तोडता अँपिअर बघायला तोच लागतो. दीड-दोन हजारांत मिळतो. कुणी वापरत असेल तर कोणता घेतला, आणि चार इंची ग्राइंडरचे अडीच-तीन अँपिअर तो नीट दाखवतो का, तेवढं सांगा. छोट्या आकड्याला काही क्लॅम्प अंदाजपंचे बोलतात असं काका म्हणतात.